उघडे दार : आचार्य सिद्धर्षी गणी यांचे जीवनचरित्र

जिनशासनाच्या आकाशात अनेक प्रभावक आचार्य तेजस्वी नक्षत्रांप्रमाणे तळपून गेले. त्यांच्यापैकी बहुतेकांची चरित्रे अढळ श्रद्धेची आणि अखंड साधनेची आहेत. परंतु ज्यांची श्रद्धा एकदा ढळली, ज्यांनी आपल्या गुरूंकडे पाठ फिरवली आणि त्या पाठ फिरवण्याच्या वेदनेतूनच ज्यांनी जगाला अमर ग्रंथ दिला, असे एक आगळे चरित्र आहे आचार्य सिद्धर्षी गणी यांचे. ‘उपमितिभवप्रपंचा कथा’ या महान रूपकग्रंथाचे कर्ते म्हणून त्यांचे नाव विद्वानांना परिचित आहे. परंतु त्या ग्रंथाच्या मुळाशी गुरूपासून दूर पळालेल्या एका शिष्याचे व्याकूळ अंतःकरण आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

सिद्धर्षींच्या जीवनाविषयी दोन प्रकारची माहिती उपलब्ध आहे. पहिली त्यांनी स्वतः ग्रंथाच्या प्रशस्तीत दिलेली. ती मोजकी, परंतु सर्वस्वी विश्वसनीय आहे. दुसरी आचार्य प्रभाचंद्र यांच्या ‘प्रभावकचरित’ या ग्रंथातील. हा ग्रंथ विक्रम संवत १३३४ मध्ये, म्हणजे सिद्धर्षींनंतर सुमारे पावणेचारशे वर्षांनी रचला गेला. त्यात परंपरेने जपलेल्या आठवणी आहेत. सर्वच तपशील इतिहासाच्या कसोटीला उतरत नाहीत. उदाहरणार्थ, शिशुपालवधकर्ता महाकवी माघ आणि सिद्धर्षी हे चुलतभाऊ असल्याचे त्यात म्हटले आहे. माघाचा काळ इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या सुमाराचा आणि सिद्धर्षींचा दहाव्या शतकाच्या प्रारंभाचा असल्यामुळे हे नाते संभवत नाही. तरीही या कथेत एका मनाचा जो प्रवास रेखाटला आहे, त्याला सिद्धर्षींच्या स्वतःच्या लेखणीचा आधार मिळतो. म्हणूनच ती आजही मनाला भिडते.

श्रीमाल नगरीतील ती रात्र

आजच्या राजस्थानातील जालोर जिल्ह्यात भीनमाळ नावाचे गाव आहे. प्राचीन काळी श्रीमाल किंवा भिल्लमाल या नावाने ते वैभवशाली नगर होते. गणितज्ञ ब्रह्मगुप्ताची कर्मभूमी म्हणून ज्ञात असलेल्या याच नगरीत शुभंकर नावाच्या श्रीमंत गृहस्थाच्या घरी सिद्धाचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. मातेचे नाव लक्ष्मी आणि पत्नीचे नाव धन्या. घरात कशाचीही उणीव नव्हती. उणीव होती ती केवळ संयमाची. तरुण सिद्धाला द्यूताचे व्यसन जडले होते. रात्रीचे दोन-दोन प्रहर उलटून जात, तेव्हा तो घरी परते. धन्या त्याची वाट पाहत जागी राही. दिवसभराचे काम आणि रात्रीचे जागरण यांनी ती कृश झाली होती, पण सासूजवळ तिने कधी तक्रार केली नाही.

सुनेची ही अवस्था लक्ष्मीच्या नजरेतून सुटली नाही. एका रात्री तिने धन्येला झोपावयास पाठवले आणि ती स्वतः जागत बसली. उशिरा सिद्ध आला व त्याने दार ठोठावले. मातेने दार उघडले नाही. या वेळी ज्यांची दारे उघडी असतील तेथे जावे, असे तिने त्याला आतूनच सांगितले. पुत्राला धडा मिळावा एवढाच तिचा हेतू होता. परंतु सिद्धाने ते शब्द अक्षरशः घेतले. मध्यरात्रीच्या अंधारात तो नगरभर फिरला. सर्व दारे बंद होती. एकच दार उघडे दिसले, ते जैन उपाश्रयाचे. आत श्रमण जागे होते. कोणी स्वाध्यायात मग्न होता, तर कोणी ध्यानात. आपणही जागतो आणि हेही जागतात, पण या दोन जागरणांत केवढे अंतर आहे, याचा लख्ख प्रकाश त्याच्या मनात पडला.

सकाळी पिता शोधत आला, विनवण्या केल्या, पण सिद्ध परतला नाही. अखेर पित्याने अनुमती दिली आणि गर्गर्षींच्या चरणी सिद्धाची दीक्षा झाली. स्वतःच्या प्रशस्तीतही सिद्धर्षींनी आपले दीक्षादाते म्हणून गर्गर्षींना अत्यंत आदराने वंदन केले आहे. निवृत्ति कुळातील सूर्याचार्य, त्यांचे शिष्य देल्ल महत्तर आणि त्यांच्या परंपरेतील दुर्गस्वामी यांचाही त्यांनी तेथे गौरवाने उल्लेख केला आहे. दुर्गस्वामींची दीक्षाही गर्गर्षींच्याच हस्ते झाली होती.

ज्ञानाची भूक आणि गुरूंची अट

जो द्यूतात सर्वस्व पणाला लावतो, तो अभ्यासात उतरला तरी हातचे राखून ठेवत नाही. सिद्धमुनींनी आगम, व्याकरण आणि तर्क यांचा अभ्यास झपाट्याने आत्मसात केला. परंतु ज्ञान वाढत गेले तशी त्यांची तहानही वाढली. बौद्ध आचार्यांचे तर्कशास्त्र त्या काळी भारतभर गाजत होते. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांच्या परंपरेला उत्तर दिल्याशिवाय कोणत्याही दार्शनिकाला पुढे जाता येत नसे. ते शास्त्र त्यांच्याच मठात राहून, त्यांच्याच मुखातून शिकावे, असे सिद्धमुनींच्या मनाने घेतले.

गर्गर्षींना ही इच्छा ऐकून आनंद झाला नाही. शिष्याची बुद्धी तीव्र आहे, पण मन अद्याप स्थिर झालेले नाही, हे ते जाणून होते. त्यांनी समजावून पाहिले. तेथील युक्तिवाद ऐकून मन फिरेल आणि आजवरची साधना व्यर्थ जाईल, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. तरीही शिष्याचा आग्रह सुटेना. तेव्हा गुरूंनी त्याला अडवून ठेवले नाही. त्यांनी एकच अट घातली. मन फिरलेच तर तिकडेच राहून जाऊ नये. एकदा परत यावे आणि दीक्षेच्या वेळी दिलेले रजोहरण गुरूंच्या हाती परत करावे. सिद्धमुनींनी वचन दिले.

वरवर पाहता ही अट लहानशी आहे. परंतु तिच्यात गुरुहृदयाची सारी खोली सामावलेली आहे. शिष्य जाणार हे गुरूंनी स्वीकारले होते. मात्र जाणाऱ्याच्या मागे दार बंद होऊ नये, एवढी काळजी त्यांनी घेतली. मातेने बंद दारातून घालवले होते. गुरूंनी दार उघडे ठेवून निरोप दिला.

दूर जाणाऱ्या मनाची तळमळ

सिद्धमुनी वेष पालटून महाबोध नामक नगरीत गेले. तेथे त्यांच्या बुद्धीचे चीज झाले. कठीण ग्रंथ ते लीलया उलगडू लागले. तेथील आचार्य प्रसन्न झाले. हळूहळू त्यांच्या युक्तिवादाचे वजन सिद्धमुनींच्या मनावर पडू लागले आणि अखेर त्यांनी त्याच संघात प्रवेश करण्याचे ठरवले. प्रभावकचरित सांगते की, त्यांना तेथे श्रेष्ठ पद देण्याची तयारी झाली. नेमक्या त्या क्षणी त्यांना गुरूंना दिलेल्या वचनाची आठवण झाली.

या ठिकाणी बौद्ध दर्शनाला कमी लेखण्याचे कारण नाही. ती एक थोर विचारपरंपरा आहे आणि अनेकांतदृष्टीने पाहणाऱ्याने तिचा आदरच करावा. प्रश्न सिद्धमुनींच्या अंतःकरणाचा होता. ज्या गुरूंनी जीवनातील सर्वांत हीन रात्री आसरा दिला, त्यांच्या ऋणाचे ओझे तीव्र बुद्धीच्या शिष्याला कधी कधी जड होते. गुरूंना आपले सारे ठाऊक असते. आपले व्यसन, आपली चंचलता, आपली दुर्बलता त्यांच्यासमोर लपत नाही. परक्या ठिकाणी मात्र केवळ पांडित्य दिसते. तेथे मान मिळतो आणि मागचा इतिहास कोणी विचारीत नाही. अशा वेळी विचार बदलले असे माणूस स्वतःला सांगतो, पण आत कोठेतरी तो एका प्रेमळ दृष्टीपासून तोंड लपवीत असतो.

पुढील काळातील प्रबंधांत सिद्धमुनींचे हे जाणे-येणे एकवीस वेळा घडल्याचे सांगितले आहे. गुरूंकडे आले की जिनवचन सत्य वाटे, तिकडे गेले की तिकडचे सत्य वाटे. एकवीस हा आकडा इतिहास म्हणून न घेतला तरी त्यामागील मनोवस्था अगदी खरी आहे. दोन्ही ठिकाणी आदर आहे आणि कोणत्याच ठिकाणी विसावा नाही, यासारखे दुसरे दुःख नाही.

रजोहरण परत करण्याचा दिवस

सिद्धमुनी उपाश्रयात आले तेव्हा गर्गर्षी आसनावर बसले होते. शिष्याने पूर्वीप्रमाणे वंदन केले नाही. उलट त्याच्या बोलण्यात उपरोध होता. ज्याला आतून अपराधी वाटते तो पुष्कळदा बाहेरून उद्धट होतो. गुरूंना हे कळत होते. ते रागावले नाहीत. त्यांनी वाद घातला नाही, उपकारांची आठवण करून दिली नाही, डोळ्यांत पाणीही आणले नाही. त्यांनी त्याला आसनावर बसवले आणि त्याच्या हाती एक ग्रंथ दिला. आपण चैत्यवंदन करून येतो, तोवर हा चाळावा, एवढेच सांगून ते निघून गेले.

तो ग्रंथ होता आचार्य हरिभद्रसूरींची ‘ललितविस्तरा’. बुद्धचरित्र सांगणारा ‘ललितविस्तर’ हा बौद्ध ग्रंथ निराळा. ललितविस्तरा ही चैत्यवंदनसूत्रांवरील वृत्ती आहे. श्रावक-श्राविकांच्या नित्य मुखात असणाऱ्या शक्रस्तवातील, म्हणजेच ‘नमोत्थुणं’मधील एकेका विशेषणाचा अर्थ उलगडताना हरिभद्रसूरींनी त्या त्या विशेषणाच्या निमित्ताने भिन्न मतांचा परामर्श घेतला आहे. भक्ती आणि तर्क तेथे एकाच आसनावर बसले आहेत.

सिद्धमुनी एकटेच वाचत राहिले. लहानपणापासून कानावर पडलेले आणि दीक्षेनंतर रोज म्हटलेले ते सूत्र. ज्या युक्तिवादांनी आपण दिपून गेलो, त्यांचा विचार या सूत्राच्या आधारे कोणी पूर्वीच केला होता आणि आपण घरातील निधी न पाहता दारोदार फिरत होतो, याची जाणीव त्यांना झाली. त्यांचा अहंकार वितळला. गुरू परतले तेव्हा शिष्य त्यांच्या चरणांवर कोसळला होता. रजोहरण परत करावयास आलेल्या हातांनी प्रायश्चित्त मागितले. गुरूंनी ते दिले आणि पुढे गच्छाची धुराही त्यांच्यावर सोपवली, असे परंपरा सांगते.

विरहातून आलेली करुणा

या प्रसंगाला आणखी एक हृदयस्पर्शी पदर आहे. हरिभद्रसूरींच्या चरित्रातही असाच एक प्रसंग सांगितला जातो. हंस आणि परमहंस हे त्यांचे भाचे आणि लाडके शिष्य. तेही गुरूंची इच्छा नसताना बौद्ध तर्क शिकण्यासाठी गेले आणि त्या प्रयत्नात प्राणास मुकले. त्या आघाताने हरिभद्रसूरी विदीर्ण झाले. पुढे त्यांनी शोकाला ग्रंथरचनेत वळवले. त्यांच्या ग्रंथांच्या शेवटी येणारा ‘विरह’ हा शब्द त्यांची ओळखच बनला आहे.

मुनी जिनविजयजी यांनी १९१९ मध्ये पुणे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेत हरिभद्रसूरींच्या कालनिर्णयावर निबंध सादर केला आणि त्यांचा काळ इसवी सनाच्या आठव्या शतकात निश्चित केला. म्हणजे हरिभद्रसूरी आणि सिद्धर्षी यांच्यात सुमारे दीड शतकाचे अंतर आहे. दोघांची भेट होणे शक्यच नव्हते. असे असूनही सिद्धर्षींनी प्रशस्तीत हरिभद्रसूरींना आपले धर्मबोधकर गुरू मानले आहे. भविष्यातील आपली अवस्था जणू आधीच ओळखून त्यांनी ललितविस्तरा आपल्यासाठीच रचली, अशी कृतज्ञता त्यांनी व्यक्त केली आहे. आपल्या हृदयातील कुवासनांचे विष त्यांनी धुऊन काढले, असेही ते सांगतात. बौद्ध मठाचा किंवा पलायनाचा उल्लेख सिद्धर्षींनी येथे केलेला नाही. परंतु आत विष भिनले होते आणि ललितविस्तरेने ते उतरवले, एवढी कबुली त्यांची स्वतःची आहे. ज्या आचार्यांना आपले शिष्य परत मिळाले नाहीत, त्यांच्या ग्रंथाने दीडशे वर्षांनंतर दुसऱ्या गुरूंचा शिष्य परत आणला.

निष्पुण्यकाचे खापर

विक्रम संवत ९६२, ज्येष्ठ शुद्ध पंचमी, गुरुवार, म्हणजे इसवी सन ९०६ मध्ये भिल्लमाल नगरीत उपमितिभवप्रपंचा कथा पूर्ण झाली. तिची पहिली प्रत दुर्गस्वामींच्या शिष्या असलेल्या एका साध्वीजींनी लिहिली. आठ प्रस्तावांच्या या विशाल ग्रंथात संसारी जीवाच्या भवभ्रमणाची कथा आहे. क्रोध, मान, माया, लोभ हे सारे विकार तेथे पात्रे होऊन वावरतात. त्याच्या पहिल्या प्रस्तावात एका भिकाऱ्याची कथा येते आणि हा भिकारी म्हणजे दुसरा कोणी नसून आपलाच जीव आहे, असे सिद्धर्षी स्वतः स्पष्ट करतात.

त्या भिकाऱ्याचे नाव निष्पुण्यक. अंगावर चिंध्या, शरीर रोगांनी जर्जर आणि हातात एक फुटके खापर. त्यात गोळा केलेले कदन्न हेच त्याचे धन. रात्रंदिवस त्याला एकच धास्ती, कोणी हे हिरावून तर घेणार नाही ना! एके दिवशी स्वकर्मविवर नावाच्या द्वारपालाने त्याला सुस्थित महाराजांच्या राजवाड्यात प्रवेश दिला. महाराजांची कृपादृष्टी त्याच्यावर पडली. पाकशाळेचा अधिकारी धर्मबोधकर त्याला प्रेमाने जवळ बोलावू लागला आणि त्याची कन्या तद्दया उत्तम परमान्न घेऊन पुढे आली.

येथे सिद्धर्षींनी जे लिहिले आहे ते स्वतः अनुभवल्याशिवाय लिहिता येणार नाही. अन्न समोर असूनही भिकारी घाबरतो. हा मनुष्य आपल्याला एकांतात नेऊन आपले खापर हिसकावणार, अशी त्याला शंका येते. पळून जावे की भिक्षा नको म्हणून सांगावे, या विचाराने त्याचे भान हरपते. देणाऱ्याचे प्रेम जितके उघड, तितका घेणाऱ्याचा संशय गडद. या रूपकाचा उलगडा करताना सिद्धर्षी सांगतात की, जीवही असाच सद्गुरूंवर संशय घेतो. हे आपल्याला खर्चात पाडतील, आपली सुखे सोडावयास लावतील, या भयाने तो त्यांच्याकडे जाणेच टाळतो. गुरूपासून दूर पळणाऱ्या मनाचे वर्म यात उमगते. ते द्वेषाने पळत नाही, तर हातचे खापर जाईल या भीतीने पळते.

धर्मबोधकर रागावला नाही. त्याने विमलालोक नावाचे अंजन त्याच्या डोळ्यांत घातले, तत्त्वप्रीतिकर नावाचे जल पाजले आणि महाकल्याणक परमान्न दिले. हीच ज्ञान, दर्शन आणि चारित्र ही रत्नत्रयी. तरीही भिकारी एका क्षणात सुधारला नाही. कदन्न सोडणार नाही, या अटीवरच त्याने परमान्न घेतले. तद्दया जवळ असेपर्यंत तो पथ्य पाळी, ती दृष्टीआड होताच पुन्हा कदन्नावर तुटून पडे आणि वेदनांनी तळमळे. अखेर त्याने आपली ही दुर्बलता मोकळेपणाने कबूल केली. तेव्हा त्याच्या सोबतीला सद्बुद्धी नावाची परिचारिका देण्यात आली. तिच्या सहवासात एके दिवशी त्याने स्वतः होऊन कदन्न टाकले आणि पात्र धुऊन स्वच्छ केले. त्या दिवसापासून निष्पुण्यकाचा सपुण्यक झाला. खापरातील कदन्न कोणी हिसकावून घेतले नाही. ते त्याचे त्याने टाकले.

काष्ठपात्र

कथा येथे संपत नाही. सपुण्यकाला वाटू लागते की, आपल्याला मिळालेली औषधे आता इतरांना द्यावीत. पण कोण घेणार? लोकांना त्याचे जुने भिकारीपण आठवते. तेव्हा सद्बुद्धी त्याला उपाय सुचवते. तिन्ही औषधे एका मोठ्या काष्ठपात्रात घालून राजवाड्याच्या अंगणात ठेवावीत. ज्याला गरज असेल तो देणाऱ्याकडे न पाहता घेईल. हे काष्ठपात्र म्हणजेच आपला ग्रंथ, असे सिद्धर्षी नम्रतेने सुचवतात. एवढा मोठा आचार्य आपल्या भूतकाळाची लाज न लपवता तिलाच ग्रंथाचे प्रयोजन बनवतो, ही विनयाची परिसीमा होय.

भाषेच्या निवडीतही हीच करुणा दिसते. प्राकृत बालकांनाही सुबोध आहे, हे ते जाणतात. परंतु पांडित्याचा अभिमान असणाऱ्यांना ती रुचत नाही. म्हणून त्यांच्याही कल्याणासाठी त्यांनी संस्कृत निवडली, पण ती सोपी ठेवली. एकेकाळी स्वतः त्याच अभिमानाने भरकटलेल्या मुनींना त्या मंडळींचाही अव्हेर करावासा वाटला नाही.

सिद्धर्षींनी धर्मदास गणींच्या ‘उपदेशमाला’ ग्रंथावर वृत्ती लिहिली. ‘न्यायावतार’ या प्रमाणग्रंथावरील त्यांच्या विवृतीत बौद्ध प्रमाणविचाराची सखोल चर्चा आढळते. म्हणजे त्यांनी केलेले बौद्ध तर्काचे अध्ययनही वाया गेले नाही. आधुनिक काळात मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक पीटर पीटरसन यांनी उपमितिभवप्रपंचा कथेच्या संपादनास प्रारंभ केला आणि त्यांच्या निधनानंतर जर्मन पंडित हर्मन याकोबी यांनी ते कार्य तडीस नेले. कोलकात्याहून १८९९ ते १९१४ या काळात हा ग्रंथ प्रकाशित झाला. मुंबईचे सॉलिसिटर आणि व्यासंगी श्रावक मोतीचंद गिरधरलाल कापडिया यांनी त्याचा गुजराती अनुवाद करून तो घराघरांत पोहोचवला.

चरित्राचा बोध

प्रत्येक कुटुंबात, प्रत्येक संघात आणि प्रत्येक संस्थेत कधीतरी एखादा सिद्ध निघून जातो. तो हुशार असतो, प्रिय असतो आणि जाताना कठोर बोलतो. अशा वेळी मागे राहिलेल्यांच्या मनात दोन विचार येतात, त्याला बांधून ठेवावे किंवा त्याच्या नावाने दार लावून घ्यावे. गर्गर्षींनी दोन्ही केले नाही. त्यांनी जाऊ दिले, परत येण्यास एक निमित्त ठेवले आणि तो आला तेव्हा उपदेश न करता एक ग्रंथ पुढे ठेवून ते देवदर्शनास गेले. आणि जो निघून गेला आहे त्यालाही या चरित्रातून आश्वासन मिळते की, परतण्याची लाज ही परतण्याच्या आड येण्याइतकी मोठी नसते.

भीनमाळच्या त्या रात्री उपाश्रयाचे दार बंद असते, तर एका व्यसनी तरुणाची आठवणही आज उरली नसती. ते उघडे होते, म्हणून अकरा शतकांनंतरही ते काष्ठपात्र अंगणात ठेवलेले आहे. जिनमंदिरांची, उपाश्रयांची आणि आपल्या अंतःकरणांची दारे अशीच उघडी राहोत, हीच आचार्य सिद्धर्षींच्या पावन स्मृतीस खरी वंदना होय.